बारावा पत्रा

१

"अकरा," मावशी म्हणाली.

साहेब बाकावर आडवे झाले होते, कपाळावर ओला रुमाल. डोळे न उघडताच ते म्हणाले, "बारा म्हणायचंय तुम्हाला."

"नाही साहेब. अकरा. तीनदा मोजले."

"सोळा दिवस बारा आहेत, मावशी. आज तुमचा हात लागला आणि एक कमी झाला होय? पुन्हा मोजा."

तिने पुन्हा मोजले. लहान लेकरांची डोकी मोजावीत तसा एकेका पुडक्यावर तळहात टेकवत. शेवटच्या पुडक्यावर हात तसाच राहिला.

"अकरा."

साहेब उठून बसले. अंगातला ताप तसाच होता, पण तोंडचं पाणी पार पळालं.

आम्ही पाच जण त्या छापखान्यात एकवीस दिवस कोंडलेले होतो. कोंडलेले म्हणतो ते कुरकुर म्हणून नव्हे, नियमच तसा होता. प्रश्नपत्रिका छापणाऱ्याने परीक्षा होईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही. खिडक्या विटांनी बुजवलेल्या, फोन फाटकावर जमा, आणि दिवस-रात्र एकच ट्यूबलाइट. सकाळ झाली हे चहावरून कळायचं. भिंतीत दीड वीत रुंदीचा एक लोखंडी खण होता. पलीकडून पहारेकरी त्यात डबे ठेवायचा, अलीकडून आम्ही ते ओढून घ्यायचो. जगाशी नातं काय ते तेवढंच.

त्या वर्षी तर्कशास्त्राची पत्रिका होती, बारा पानांची. प्रत्येक पान अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरून छापायचं. छापून झालं की पत्र्यावर छिन्नीने रेघ मारून तो बाद करायचा, तपकिरी कागदात गुंडाळायचा, पुडक्याला सील करायचं. पुडक्यावर आकडा घालायचा नाही, कारण कुठल्या पानाचा पत्रा कुठला हे कुणाला कळता कामा नये. पुडकी ट्रंकेत ठेवायची आणि ट्रंकेलाही लाखेचं सील. पुढे रोज ते सील तोडून पुडकी मोजायची, पुन्हा सील करायचं आणि वहीत सही करायची. नियमांचा तक्ता भिंतीवर होता, येता-जाता डोळ्यांवर यायचा.

सहीच्या पाळ्या चौघांच्या. आमचे अधीक्षक म्हणजे साहेब. पत्रे बनवणारे आणि यंत्र चालवणारे दादा. पत्रिका काढणाऱ्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या तर्कशास्त्राच्या बाई. आणि मुद्रितं तपासणारा मी, सगळ्यांचा काका. मावशीचं काम कागद दुमडायचं आणि गठ्ठे बांधायचं. तिला सहीचा मान नव्हता. त्या दिवशी साहेबांना ताप भरला म्हणून ते तिला म्हणाले, "आज तेवढं तुम्ही उरका."

ती ते उरकायला गेली आणि आम्ही सगळे अडकलो.

मावशीने नियमाप्रमाणे ट्रंकेला पुन्हा सील केलं. साहेबांनी वही उघडली. सोळा सह्या. प्रत्येकीसमोर तोच मजकूर: मोजले, बारा.

"चार माणसं खोटी आणि एक खरी, असं तर होणार नाही," ते म्हणाले. "मावशी, पत्रा कुठे आहे?"

२

पत्रा हातभर लांब. लपवायला सोपी वस्तू नव्हे. आम्ही शाईच्या डब्यांखाली पाहिलं, यंत्राच्या पोटात पाहिलं, गाद्या उसवल्या. बांधलेला प्रत्येक गठ्ठा सोडून पुन्हा बांधला. न्हाणीघरातली फरशी ठोकून पाहिली. दादा माळ्यावर चढले आणि कोळिष्टकांची टोपी घालून उतरले.

"काय सापडलं?" मी विचारलं.

"एक कोळी. त्याचीही सही घ्या."

साहेबांनी त्यांना पुन्हा माळ्यावर पिटाळलं.

खणातून पहारेकऱ्याला विचारलं. त्याने त्याची वही वाचून दाखवली. एकवीस दिवसांत रिकाम्या डब्यांखेरीज काही बाहेर गेलेलं नव्हतं, आणि प्रत्येक डबा त्याने उघडून, उलटा करून पाहिला होता. "पत्रा? अहो, चमचा गेला तरी मी लिहितो," तो भिंतीपलीकडून म्हणाला. फाटकावरचं सील पहिल्या दिवसापासून अखंड होतं.

साहेबांनी कागद ओढला. "चार वाजता डबे परत जातात. त्यांच्याबरोबर माझा अहवाल जाईल. वहीवरून दिसतं ते असं, की काल संध्याकाळपर्यंत पत्रे बारा होते. आज मावशींनी एकटीने ट्रंक उघडली आणि अकरा झाले."

"मी एकटीने उघडली, कारण तुम्ही एकटीला सांगितलंत!" मावशी म्हणाली.

"परीक्षा रद्द होईल. किती पोरांचं वर्ष जाईल, कल्पना आहे? आणि तुम्ही फाटकातून निघाल त्या थेट पोलिसांच्या गाडीत."

मावशीचा चेहरा पाहवेना. तिच्या धाकट्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. लेकीला सासू नव्हती, नवरा कामावर लांब. मावशीने आत येताना तिला शब्द दिला होता, की फाटक उघडलं की मी तुझ्याकडेच. एकवीस दिवस ती भिंतीवर खडूच्या रेघा मारत होती. तिला चारच रेघा उरल्या होत्या.

"साहेब, माझ्या लेकीची शपथ..."

"शपथा अहवालात लिहीत नाहीत." साहेबांनी तिला ट्रंकेच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. कोंडलेल्या घरात आणखी एक कोंडलेली खोली.

मी मनात देवाचा धावा केला. खरं सांगतो, तो पुरता मावशीसाठी नव्हता. वहीतल्या माझ्या चार सह्यांकडे कुणी फार निरखून पाहू नये, अशीही त्यात एक कानकोंडी विनंती होती.

तेवढ्यात बाई उठल्या. पुस्तकाचं पान दुमडून त्यांनी ते खाली ठेवलं. "साहेब, चारला अजून साडेतीन तास आहेत. मला प्रत्येकाशी बोलू द्या."

"तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही. पण ही माणसं जे बोलतायत ते एका घरात नांदतं का, एवढंच पाहायचंय. माझा जन्म त्यात गेला."

३

त्यांनी सुरुवात दादांपासून केली. मी शेजारीच मुद्रितं चाळल्याचं सोंग करत होतो.

"दादा, पत्रे तुम्ही बनवलेत?"

"मी नाही तर कुणी? इथे काय कारागिरांची जत्रा भरलीय?"

"सगळी पानं छापलीत?"

"बाराच्या बारा. एक ओळ वाकडी दाखवा, मिशी काढतो."

"आणि छापून झाल्यावर?"

"जो पत्रा छापून झाला तो बाद केला, गुंडाळला, ट्रंकेत टाकला. एकही बाहेर ठेवला नाही. देवाशपथ."

"वहीत पहिला आकडा कुणी घातला?"

दादांनी हाताची शाई फडक्याला पुसली. हात आधीच स्वच्छ होते. "मीच. कामाच्या कार्डावर होता तो. बारा पानं, बारा पत्रे."

बाईंनी मान डोलावली आणि साहेबांकडे वळल्या.

"साहेब, तुमच्या पाळीला तुम्ही मोजलेत?"

"सील शाबूत होतं."

"मोजलेत का, असं विचारलं मी."

"बाई, आदल्या दिवशी बारा, सील शाबूत, म्हणजे आज बारा. हे तर्कशास्त्र तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवते. त्याला पहिली पायरी भक्कम लागते, हेही शिकवते." मग माझ्याकडे. "काका?"

मी चष्मा काढला, पुसला, घातला. "वहीत आहे तसंच."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे... बारा."

देवाला नुसता हात जोडणारा माणूस आणि देवाला भिणारा माणूस यांत फरक असतो. त्या क्षणी मी पहिल्या जातीचा होतो.

बाई उठल्या. त्यांनी साहेबांच्या टेबलावरचा लाखेचा खोका पुढे ओढला. आत दहा कांड्या बसतात. त्यांनी एकेक बाहेर काढून टेबलावर मांडली. आठ कांड्या कोऱ्या करकरीत होत्या. दोन निम्म्या जळलेल्या.

"ट्रंकेच्या एका सीलला किती लाख लागते?"

"अर्धी कांडी," साहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणता थबकले.

"पुडक्यांची लाख वेगळी, ती दादांच्या खोलीत. ही ट्रंकेची. हा खोका आत आला तेव्हा पूर्ण होता?"

"सील फोडून मीच उघडला."

बाईंनी जळलेल्या दोन कांड्या हातात घेतल्या. एक जुनी, धूळ बसलेली. दुसरीच्या टोकाला अजून चकाकी होती, आजची, मावशीची. सोळा दिवस रोज सील तोडून पुन्हा केलं असतं तर आठ कांड्या राख झाल्या असत्या.

त्यांनी कांड्या खोक्यात परत ठेवल्या. रंग मात्र त्यांचाच उडाला होता. साहेबांचा नव्हे, माझा नव्हे, त्यांचा.

४

दोन वाजता त्यांनी रद्दीच्या मुद्रितांमागच्या कोऱ्या बाजू फाडून चार चिठ्ठ्या केल्या आणि आम्हाला टेबलाभोवती बोलावलं. ट्रंकेची खोली शेजारीच, मावशी दारापलीकडून ऐकत होती.

"साहेबांचं म्हणणं, मावशीने नेला. ठीक. पण आधी ज्या गोष्टी आपण सगळेच खऱ्या मानतो त्या लिहू." त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं.

पहिली चिठ्ठी: बारावा पत्रा इथे होता.

दुसरी: कुठलीही वस्तू घ्या. एक तर ती इथे नव्हतीच, किंवा ती अजून आत आहे, किंवा बाहेर गेली.

तिसरी: बारावा पत्रा आत नाही.

चौथी: बारावा पत्रा बाहेर गेला नाही.

"कुणाची हरकत?"

"दुसरीला चमत्काराची हरकत घेता येईल," दादा म्हणाले. "काका, तुमचा चमत्कारांवर विश्वास आहे ना?"

"आहे. पण अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यासाठी देव तसदी घेईल असं वाटत नाही."

"मग बघा." बाईंनी दुसरी चिठ्ठी उचलली. "कुठल्याही वस्तूबद्दल खरं आहे म्हणजे आपल्या पत्र्याबद्दलही खरं. वस्तूच्या जागी पत्रा बसवला. आता एक चिठ्ठी म्हणते 'होता', दुसरीतला एक तुकडा म्हणतो 'नव्हताच'. एकमेकांची तोंडं न पाहणारी ही जोडी, दोघांना घराबाहेर काढू." टर्रकन त्यांनी दोन्ही तुकडे फाडले. "काय उरलं?"

"आत आहे किंवा बाहेर गेला," मी म्हणालो.

"तिसरी म्हणते आत नाही." टर्र. "उरलं?"

"बाहेर गेला."

"चौथी म्हणते गेला नाही." टर्र.

त्यांच्या बोटांत कागदाचा एक चिंधीएवढा तुकडा राहिला. त्यावर एक अक्षर नव्हतं.

"कोरी चिठ्ठी," बाई म्हणाल्या. "ही हाती आली म्हणजे समजायचं, की या चारही गोष्टी एकत्र खऱ्या असतील असं जग देवानेसुद्धा केलेलं नाही. हे घर मोडलेलं आहे. आणि साहेब, या चारांत मावशीचं नाव कुठे आलं? तिला अजून आपण हाकसुद्धा मारली नाही, तोवर भांडण होऊन मोकळं झालं."

"म्हणून ती निर्दोष होत नाही," साहेब म्हणाले.

"नाही होत. पण मोडलेल्या घरात कुणावरही काहीही सिद्ध होतं. याच चार चिठ्ठ्यांवरून पत्रा तुम्ही नेलात हेही मी सिद्ध करून देते. हवंय?"

"बाई!"

"काकांनी नेला हेही होईल. पहारेकऱ्याच्या आजीने नेला हेही. खोट्याला एकदा घरात घेतलं की ते कुणाचीही साक्ष काढतं."

दादा खो-खो हसले आणि एकदम गप्प झाले. कारण पुढची गोष्ट सगळ्यांच्या एकाच वेळी ध्यानात आली. चारांपैकी एक चिठ्ठी खोटी होती. आत तो नाही, हे आम्ही पाच जणांनी उसवून-ठोकून पाहिलं होतं. बाहेर गेला नाही, याला पहारेकऱ्याची वही होती. दुसरीला खोटं म्हणायला चमत्कारच हवा.

राहिली पहिली.

"ती खोटी असूच शकत नाही," साहेब घाईघाईने म्हणाले. "पानं बारा छापली. प्रत्येक पानाला पत्रा लागतोच. दादा, लागतो ना?"

"लागतो," दादा म्हणाले, फरशीकडे पाहत.

"मग पत्रे बारा. संपलं." साहेबांनी अहवाल पुढे ओढला. "अडीच वाजले, बाई."

बाईंनी फाटलेले तुकडे पुन्हा जुळवले. इतक्या वर्षांच्या अध्यापिका, पण दारावर डोकं टेकावं तशा त्या पहिल्या चिठ्ठीवर डोकं टेकून बसल्या.

५

"मावशी, पाणी देऊ का?" मी दाराच्या फटीशी जाऊन विचारलं. बाईही मागून आल्या.

"नको काका. पाण्याने काय होतंय." तिचा आवाज बसला होता. "मला मोजताच येत नाही असं तरी लिहा म्हणावं साहेबांना. अडाणी लिहा. पण चोर नका लिहू. पोरीला काय सांगू मी?"

"थोरली लेक नाही का जाणार तिच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"ती कुठली जाते! तिचंच अंथरुणातून उठणं नाही. बाई, पोरी दोन आहेत, पण दोघींना आई मी एकटीच. एकीला एक आणि दुसरीला दुसरी अशी कुठून आणू?"

मी तिला धीर देणार, तोच बाईंनी माझं मनगट धरलं. पकड अशी, की घड्याळाचा पट्टा रुतला.

"काका, काय म्हणाली ती?"

"म्हणाली, दोघींना आई एकच."

"प्रत्येक लेकराला आई असते. असते ना? म्हणून जितकी लेकरं तितक्या आया?"

"छे, असं कसं?"

"मग प्रत्येक पानाला पत्रा असतो, म्हणून जितकी पानं तितके पत्रे, हे कुणी ठरवलं?" त्यांचा श्वास जोरात चालला होता. "प्रत्येकाला एक आहे, इतकंच आपल्याला ठाऊक. वेगवेगळा आहे हे आपण पदरचं घातलं. दोन पानं एकाच पत्र्याची लेकरं असतील तर? बारा पानं, अकरा पत्रे, आणि दादांचा शब्दन् शब्द खरा. छापला तो प्रत्येक पत्रा त्यांनी ट्रंकेत टाकला. ते घर नांदतं, काका! मोडत नाही ते."

"पण दोन पानं सारखी असतील तरच ना?"

"आहेत. मीच काढलीत." त्या भिंतीला टेकल्या. "सहावं आणि बारावं. दोन्हीवर नुसतं 'कच्च्या कामासाठी' आणि खाली रिकामी चौकट. त्या पानांवर आकडासुद्धा नाही."

मला हर्ष झाला, पण क्षणभरच. कारण हे खरं ठरवायचं तर सोळा सह्या खोट्या ठरत होत्या. ट्रंकेत अकरा होते ते पहिल्या दिवसापासून अकराच होते. मोजले, बारा, असं लिहिणाऱ्या कुणीच काही मोजलेलं नव्हतं. गोपनीय वहीत खोटी सही केली तर काय होतं, हेही त्याच भिंतीवरच्या तक्त्यात होतं: यापुढे अशा कामावर कधीही नाही, आणि चौकशी.

"बाई," मी हळूच म्हणालो, "त्या सोळांत तुमच्या किती?"

"चार," त्या म्हणाल्या. "सील शाबूत दिसलं, सही केली. मघाशी लाखेचा खोका उघडला तेव्हाच मला कळलं होतं. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या तपासत बसले, कारण माझीच खोटी निघू नये असं वाटत होतं. काका, जन्मभर पोरांना सांगत आले, की निष्कर्ष चुकला तर गृहीतकं तपासा. स्वतःची सोडून तपासा असं नव्हते सांगत."

आतून मावशी म्हणाली, "बाई, तुम्ही दोघं कुजबुजताय का? काही वाईट आहे का?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्या तिला पहिल्यांदा एकेरीत बोलल्या. "तुला मोजता येतं. आम्हालाच येत नव्हतं."

६

साडेतीन. साहेबांचा अहवाल पुरा झाला होता, सही तेवढी बाकी.

बाईंनी वही उघडली आणि आपल्या चारही सह्यांवर आडवी रेघ ओढली. शेजारी लिहिलं: मोजले नाहीत. मग दादांकडे पाहिलं. वही त्यांच्यापुढे सरकवली.

दादांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "एक पत्रा बनवताना खराब झाला. कच्च्या कामाचा. म्हटलं, दोन्ही पानं तीच तर आहेत, एकाच पत्र्यावर मारू. खराब झालेला होता तो पुसून पुढच्या पानाला वापरला. कार्डावर बारा होते, मी बारा लिहिले."

"आणि सकाळी मावशी अकरा म्हणाली तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हा बोलणार होतो. पण वही उघडली आणि सोळा वेळा बारा! बाई मोजतात, साहेब मोजतात, काकांसारखा देवमाणूस मोजतो. मला वाटलं, मीच चुकलो असेन. मी बहुतेक बारा केले असतील." त्यांनी कपाळावर हात मारला आणि आपल्या चार सह्यांवर रेघ ओढली. "स्वतःच्या हातांपेक्षा तुमच्या सह्यांवर विश्वास ठेवला, काका."

देवमाणूस! याहून शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी पेन घेतलं. माझ्या चारही सह्यांवर रेघ ओढली.

"हे सगळं तोंडी आहे," साहेब म्हणाले. आवाज कोरडा पडला होता. "तिघांनी मिळून तिला वाचवायला रचलं, असं वरचे म्हणतील. पुडकी उघडायचा अधिकार मला नाही. पुरावा काय?"

आणि इथे देवाने माझ्या चष्म्याला काम दिलं. मुद्रितं तपासताना सहाव्या पानाच्या चौकटीखाली मला एक बारीक ओरखडा दिसला होता, शेपटी असलेल्या स्वल्पविरामासारखा. रिकामं पान म्हणून मी सोडून दिला होता. मावशीच्या टेबलावरून मी एक बिनदुमडलेली प्रत आणली, सहावं पान वेगळं केलं, बारावं वेगळं केलं, एकावर एक धरलं आणि ट्यूबलाइटसमोर नेलं.

दोन चौकटींची एक चौकट झाली. दोन ओरखड्यांचा एक ओरखडा. शेपटीसुद्धा शेपटीवर बसली.

"दोन वेगळ्या पत्र्यांना एकाच जागी, एकाच आकाराची जखम होत नसते," बाई म्हणाल्या. "साहेब, आता उलट करून पाहा. समजा, पत्रे वेगवेगळे होते. हा ओरखडा तसं म्हणू देत नाही. समजा, मावशीने नेला. जे नव्हतंच ते कसं नेणार? कोरी चिठ्ठी, आणि पुन्हा कोरी चिठ्ठी. कुठल्याही वाटेने जा."

साहेब कागदाकडे पाहत राहिले. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं होती. वहीत न खोडलेल्या चारच सह्या राहिल्या होत्या, त्यांच्या. अहवालावर सही केली तर मावशी जात होती. नाही केली तर ते.

पलीकडून पहारेकऱ्याने खण ठोठावला. "डबे! चार वाजत आले!"

"थांब," साहेब म्हणाले.

"थांबायला सवड नाही साहेब, गाडी उभी आहे."

दाराआडून मावशीचा आवाज नव्हता. ती रडत असती तर साहेबांना कदाचित सोपं गेलं असतं, रागावता तरी आलं असतं. ती नुसती गप्प होती.

"मला ताप होता," साहेब कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "नसता, तर आज मीच सही केली असती. बारा. मग काहीच झालं नसतं." त्यांनी ओठ आवळले. "शेवटच्या दिवशी फाटकात मोजणी झाली असती आणि कुठल्या तरी गरिबाची मान गेली असती. माझी नाही. माझी कधीच गेली नसती."

त्यांनी अहवाल दोनदा फाडला. नव्या कागदावर पाच ओळी लिहिल्या, वहीतल्या चार सह्या खोडल्या आणि दोन्ही वस्तू स्वतःच्या हाताने खणात ठेवल्या. खण खडखडत पलीकडे गेला.

मग उठून त्यांनी ट्रंकेच्या खोलीची कडी काढली. मावशी उंबऱ्यात उभी राहिली. ते तिला काय म्हणाले ते मी सांगणार नाही, कारण ते बोललेच नाहीत. दोन्ही हात जोडून उभे होते फक्त.

"साहेब, ताप आहे तुम्हाला," मावशी म्हणाली. "बसा आधी."

७

दुसऱ्या दिवशी वरून एक अधिकारी आले. पुडकी उघडली गेली. अकरा पत्रे निघाले, त्यांत कच्च्या कामाचा एकच, चौकटीखाली शेपटीवाला ओरखडा. पत्रिका फुटली नव्हती. परीक्षा ठरल्या दिवशी झाली.

आम्हा चौघांना पुन्हा त्या कामावर घेणार नाहीत, हे लेखी आलं. चौकशी संपेपर्यंत आम्ही आतच राहायचं, हेही आलं. उरलेल्या दिवसांची मोजणी आणि वही, जिने एकटीने खरी मोजणी केली होती त्या मावशीकडे सोपवली गेली. तिने रोज सील तोडलं, मोजलं, लाख वितळवली, बोटं भाजून घेतली, सही केली. एकदा दादा म्हणाले, "मावशी, आता राहू दे की, बाद झालेले पत्रे ते." ती म्हणाली, "बाद का होईनात, आकडा बाद नाही चालायचा."

परीक्षा संपली त्या दुपारी फाटकाचं सील तुटलं. इतक्या दिवसांनी आत ऊन आलं. कोरडं, पांढरं ऊन, आमच्या चपलांपर्यंत येऊन थांबलेलं. मावशीच्या हातात पिशवी होती. बाहेर पडायच्या आधी तिला शेवटची नोंद करायची होती: मागे किती माणसं राहिली.

अधिकारी म्हणाले, "चार लिहा आणि निघा. मला दिसतायत की."

मावशीने पिशवी खाली ठेवली. आम्ही भिंतीशी ओळीने उभे होतो. ती बाईंपाशी आली, त्यांच्या खांद्यावर तळहात टेकला. "एक." मग दादांच्या. "दोन." साहेबांच्या खांद्यावर हात ठेवताना तिला टाचा उंचवाव्या लागल्या. "तीन." शेवटी माझ्या. तिचा तळवा गरम होता, लाखेने पोळलेली जागा खरखरीत लागली.

"चार," ती म्हणाली, सही केली आणि पोरीकडे निघाली.